कागदावरची साडी: भानू राजोपाध्ये यांची विस्मृत फॅशन-रेखाटने

१/
१९५०-५५ च्या सुमाराची मुंबई. स्त्रियांसाठी इंग्रजीतून निघणाऱ्या एखाद्या साप्ताहिकाचे पान उघडावे, तर तेथे शाईने रेखाटलेली एक स्त्री उभी असे. मान लांब, खांदे उतरते, चेहऱ्यावर जेमतेम दोन-तीन रेघा आणि खांद्यावरून ओघळणारा पदर एकाच लयदार फटकाऱ्यात दाखविलेला. वाचक त्या पानावरून पोलक्याचा गळा किंवा बाहीची लांबी ठरवीत. चित्र कोणी काढले, हे क्वचितच कोणी विचारी. अशी चित्रे काढणाऱ्यांत कोल्हापूरची एक तरुणी होती, भानुमती राजोपाध्ये. पुढे जगाने तिला भानू अथैया या नावाने ओळखले. हा धागा तिच्या ऑस्करचा कमी आणि त्याआधीच्या या रेघांचा अधिक आहे.

२/
प्रारंभ पॅरिसपासून करावा लागतो, कारण त्या काळातील फॅशन-रेखाटनाची परिभाषा तेथे घडत होती. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी ख्रिश्चन डिऑर याने आपला पहिला वस्त्रसंग्रह सादर केला. आवळलेली कंबर आणि पसरट, घेरदार झगा. युद्धकाळातील टंचाईने गांजलेल्या युरोपात एकेका झग्याला दहा वारांहून अधिक कापड लागत असल्याचे पाहून काही जण हरखले, तर काही संतापले. अमेरिकी संपादिका कार्मेल स्नो यांच्या उद्गारावरून या शैलीला ‘न्यू लुक’ हे नाव पडले. जगातील बहुतेकांनी ती शैली प्रथम पाहिली ती मात्र नियतकालिकांतील छायाचित्रांतून आणि रेखाटनांतून.

३/
डिऑर स्वतः रेखाटनाच्या वाटेनेच वस्त्रकलेत आला होता. १९२८ मध्ये त्याने एका मित्रासह पॅरिसमध्ये चित्रदालन उघडले होते. पुढे जागतिक मंदीत घराण्याचा व्यवसाय बुडाला, दालन बंद झाले आणि उपजीविकेसाठी तो टोप्यांची व पोशाखांची रेखाटने काढून विकू लागला. त्या रेखाटनांच्या बळावर १९३८ मध्ये रोबेर पिगे याच्याकडे त्याला नोकरी मिळाली. चित्रकलेच्या दालनातून फॅशनच्या कागदावर येणे हे त्याच्या बाबतीत हौसेचे नव्हते. ती पोटाची निकड होती. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण कोल्हापूरच्या कथेत तिचा पडसाद आहे.

४/
फॅशन-रेखाटन हे व्यक्तिचित्र नव्हे. माणसाची उंची साधारणपणे त्याच्या डोक्याच्या साडेसात पट असते. फॅशनच्या कागदावर ती नऊ पट किंवा त्याहूनही अधिक ताणली जाते. त्यामुळे वस्त्राची पडण पाहणाऱ्याच्या नजरेत ठसते. प्रत्येक हंगामाआधी डिऑर शेकडो लहान रेखाटने करी. त्यांपैकी निवडक रेखाटने कार्यशाळेत जात. तेथे साध्या पांढऱ्या सुती कापडाचा कच्चा नमुना बेतला जाई आणि मगच मूळ कापडाला कात्री लागे. म्हणजे हे चित्र भिंतीवर टांगण्यासाठी नसे. ती कात्रीला आणि सुईला दिलेली सूचना असे, आणि वस्त्र तयार झाले की तिचे काम संपे.

५/
छायाचित्रांच्या युगातही रेखाटने टिकून राहिली, यामागे छपाईचे साधे कारण होते. स्वस्त कागदावर छायाचित्राचा ब्लॉक छापला की करडे ठिपके एकमेकांत मिसळत. रेशमाची झाक आणि सुताची खरबरीत पोत यांतील भेद नाहीसा होई. रेघेचा ब्लॉक मात्र स्वच्छ उमटे आणि खर्चही कमी येई. शिवाय कुशल चित्रकार नको ते गाळून हवे तेवढेच दाखवू शके. गळ्याचा उतार, बाहीची लांबी, काठाची रुंदी हे सारे रेघेत नेमके सांगता येई. मुंबईच्या नियतकालिकांनाही हे सोयीचे होते. अडचण निराळीच होती, ती वस्त्राची.

६/
ती अडचण समजून घेण्यासाठी मुंबईपासून दूर, गोदाकाठच्या एखाद्या गावाकडे पाहावे. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील सायखेडा हे असेच एक गाव. विसाव्या शतकाच्या मध्यावर अशा गावांतील स्त्रीचा नित्याचा पोशाख म्हणजे नऊवारी लुगडे आणि खणाची, पुढे गाठ मारायची चोळी. लुगड्याला ना शिवण, ना बटण, ना माप. निऱ्या, ओचा, कासोटा आणि पदर हे सारे नेसणारीच्या हातात. तेच लुगडे शेतात एका तऱ्हेने खोचले जाई आणि लग्नघरी दुसऱ्या तऱ्हेने मिरवले जाई. ज्या वस्त्राला कात्रीच लागत नाही, त्याचे फॅशन-रेखाटन करायचे तरी कशाचे?

७/
याच जिल्ह्यात साडीचे वैभवही होते आणि तिचा रोजचा व्यवहारही. येवल्याच्या मागांवर पैठणी विणली जाई, मालेगावच्या मागांवर सर्वसामान्यांची रंगीत लुगडी. नवेपणा आणायचा तो विणकराने, काठात आणि पदरात. पॅरिसमध्ये नवेपणा कापण्यात होता, येथे तो विणण्यात होता. त्यामुळे ‘यंदा नवे काय’ या प्रश्नाचे उत्तर येथे मागावर मिळे, कागदावर नव्हे. हे चित्र पालटले ते साडीची लांबी, नेसण आणि तिच्याबरोबरचे शिवलेले पोलके बदलू लागल्यावर.

८/
या बदलाचे एक टोक नाशिक जिल्ह्यातच सापडते. मालेगावजवळच्या कवळाणे गावी १८६३ मध्ये जन्मलेला गोपाळ गायकवाड हा मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याचा महाराजा झाला. तेच तिसरे सयाजीराव. त्यांची कन्या इंदिराराजे विवाहानंतर कूचबिहारच्या महाराणी झाल्या. १९२२ मध्ये वैधव्य आल्यावर त्यांनी फ्रान्सहून साडीच्या पन्ह्याचे पांढरे शिफॉन विणून मागवले. वैधव्याच्या शुभ्र वस्त्राला त्यांनी दिलेले हे रूप पाहता पाहता प्रतिष्ठित वर्गाची आवड बनले. शिफॉनला कासोटा मानवत नाही. ते गोल नेसायचे, अंगासरशी पडू द्यायचे आणि त्याखाली बेतीव पोलके घालायचे.

९/
अशा रीतीने पाचवारी, म्हणजेच गोल साडी, शहरी स्त्रीच्या अंगावर स्थिरावत होती. शिक्षण, नोकरी, आगगाडीचा व बसचा प्रवास यांचाही त्यात वाटा होता. आता चित्रकाराला रेखाटण्याजोगे पुष्कळ काही निर्माण झाले. पदर किती लांब सोडावा? निऱ्या किती? पोलके गळाबंद की खोल गळ्याचे, बाही कोपरापर्यंत की त्याहून आखूड? साडीतील शिवलेला भाग तेवढाच असल्याने फॅशनची सारी उलथापालथ त्या हातभर कापडात एकवटली. भारतीय फॅशन-रेखाटनाचा खरा विषय हा होता.

१०/
२८ एप्रिल १९२९ रोजी कोल्हापुरात भानुमती राजोपाध्ये यांचा जन्म झाला. वडील अण्णासाहेब चित्रकार होते आणि बाबूराव पेंटर यांच्या चित्रपटांशी त्यांचा संबंध होता. बाबूराव पेंटर यांची एक पद्धत येथे महत्त्वाची ठरते. चित्रीकरणापूर्वी ते पात्रांची वेशभूषा आणि हालचाली कागदावर रेखाटून घेत. म्हणजे ‘आधी रेघ, मग वस्त्र’ हा क्रम पॅरिसच्या वेशकारांइतकाच कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीलाही परिचित होता. भानुमती लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले. सात भावंडांच्या त्या घरात त्यांचा क्रमांक तिसरा होता.

११/
पुढे त्या मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या. १९५१ मध्ये विश्रांत स्त्रीच्या चित्रासाठी त्यांना उषा देशमुख सुवर्णपदक मिळाले. त्या काळी मुंबईच्या कलाविश्वात प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचा बोलबाला होता. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी स्थापन केलेला हा गट. १९५३ च्या त्याच्या प्रदर्शनात भानुमतींची चित्रे लागली. वासुदेव गायतोंडे यांच्यासारखे चित्रकार ज्या वर्तुळात होते, त्या पुरुषप्रधान वर्तुळात एका तरुण मराठी चित्रकर्तीला मिळालेली ही जागा असामान्य होती.

१२/
त्या पिढीच्या चित्रकारांना परदेशाची ओढ होती. सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले, रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला. मायदेशी चित्रे विकून निर्वाह करणे जवळजवळ अशक्य होते. हुसेन यांनीही चित्रपटांचे फलक रंगवून दिवस काढले होते. भानुमतींनी निवडलेले काम होते नियतकालिकांसाठी फॅशन-रेखाटनांचे. ‘फॅशन अँड ब्युटी’ आणि ‘ईव्ह्ज वीकली’ यांच्यासाठी त्या चित्रे काढू लागल्या. हुसेन यांचे फलक पुढे त्यांच्या दंतकथेचा भाग झाले. भानुमतींच्या रेखाटनांची गणना मात्र ‘बायकांच्या मासिकांतील सजावट’ अशीच होत राहिली.

१३/
वास्तविक हे काम मोठे कसोटीचे होते. झग्याचे रेखाटन करताना शिवण आकार देते. साडीच्या रेखाटनात आकार वजनातून येतो. शिफॉन झिरपत खाली येते, गर्भरेशीम कोन धरते, हातमागाचे सूत फुगते. हा फरक रंगाविना, केवळ रेघेच्या जाडी-बारकीने दाखवायचा. शिवाय ती साडी खरोखर नेसता आली पाहिजे. पदर कोठून येतो आणि कोठे जातो, हे वाचणाऱ्या स्त्रीला उमगले पाहिजे. जे. जे. मध्ये झालेला मानवी देहाच्या रेखांकनाचा सराव येथे उपयोगी पडला. वस्त्राखालचा देह ठाऊक असल्याखेरीज वस्त्राची घडी खरी वाटत नाही.

१४/
मग एक निर्णायक वळण आले. ‘ईव्ह्ज वीकली’च्या संपादिकेने कपड्यांचे दुकान काढले आणि भानुमतींना सुचविले की कागदावर जे रेखाटता, ते कापडात उतरवून पाहा. रेघ आणि कात्री एका हातात आली. त्या दुकानात येणाऱ्यांत चित्रपट-अभिनेत्री होत्या. कामिनी कौशल यांनी आपल्या पोशाखांचे काम त्यांच्याकडे सोपविले, पाठोपाठ नर्गिस आल्या. १९५६ मध्ये गुरुदत्त निर्मित ‘सी.आय.डी.’पासून चित्रपटांची वेशभूषा हे त्यांचे मुख्य काम झाले. डिऑरने ज्या वाटेने पॅरिसच्या कार्यशाळेत प्रवेश केला, तीच वाट मुंबईत चित्रपटाच्या दारी पोहोचली.

१५/
या वाटेवरची त्यांची काही कामे पाहिली, की फॅशन-रेखाटनाचा संस्कार स्पष्ट दिसतो. ‘श्री ४२०’ (१९५५) मधील नादिरा यांचा अंगासरशी बसणारा पाश्चात्त्य झगा. ‘वक्त’ (१९६५) मधील साधना यांचा तंग चुडीदार आणि आखूड, बेतीव कमीज. ‘ब्रह्मचारी’ (१९६८) मधील नृत्यगीतात मुमताज यांनी घातलेली, आधीच बेतून शिवलेली नारिंगी साडी. या शेवटच्या साडीत जुना पेच उलटा सुटला. न शिवलेल्या वस्त्राला शिवण देऊन त्यांनी साडीलाच झग्यासारखी निश्चित आकृती दिली. कागदावर काढलेली रेघ नृत्यातही ढळू नये, यासाठीचा हा उपाय होता.

१६/
ही वस्त्रे दूरच्या गावांपर्यंत कशी पोहोचली? ‘ईव्ह्ज वीकली’ निफाडच्या शेतकरी घरात जात नव्हते. परंतु निफाड तालुक्यातून मुंबई–भुसावळ लोहमार्ग जातो. मुंबईचा माल आणि मुंबईच्या वार्ता त्या मार्गाने येत. जत्रांतून तंबूतला सिनेमा गावोगाव फिरे. आणि घराघरांत चित्रे पोहोचविणारे आणखी दोन दुवे होते, दिवाळी अंक आणि दिनदर्शिका. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी ‘दीपावली’च्या मुखपृष्ठांवर, तर रघुवीर मुळगांवकर (१९१८–१९७६) यांनी असंख्य मुखपृष्ठांवर आणि दिनदर्शिकांवर रंगविलेल्या स्त्रियांनी मराठी डोळ्याला साडीचे नवे सौंदर्य शिकविले.

१७/
या साखळीची शेवटची कडी होती गावचा शिंपी. सायखेड्यासारख्या बाजाराच्या गावात कोणाला पॅरिस किंवा जे. जे. ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ‘सिनेमात होते तसे पोलके’ एवढे वर्णन पुरे होई. पायमशीनवर बसलेला शिंपी ते ऐकून, फार तर एखादे छापील चित्र पाहून, खडूने कापडावर रेघ ओढी. मुंबईत शाईने काढलेली रेघ गोदाकाठी खडूने पुन्हा काढली जाई, मूळ चित्रकर्तीचे नाव कोणालाही ठाऊक नसताना. फॅशन-रेखाटनाचे हे खरे भाग्य, आणि त्याच्या विस्मृतीचे कारणही हेच.

१८/
या परिवर्तनाची किंमतही नोंदवायला हवी. पाचवारीचा प्रसार झाला तसा नऊवारी नेसणाऱ्यांचा वर्ग आकसला. लुगड्यांवर जगणाऱ्या मागांना त्याची झळ बसली आणि नेसण्याच्या स्थानिक तऱ्हा, ज्या कोणत्याही कागदावर उतरल्या नव्हत्या, त्या वृद्ध स्त्रियांबरोबर निघून गेल्या. दुसरीकडे, कोणती स्त्री काय नेसणार हे जात, गाव आणि सासर यांनी ठरविण्याचा काळही मागे पडू लागला. सुनेने पाचवारी नेसावी की नाही, यावरून घराघरांत वाद झाले. त्या वादाच्या मुळाशी पोशाख होता, तसाच निवडीचा अधिकारही होता.

१९/
भानू अथैया यांनी मात्र जुन्या वस्त्रांकडे पाठ फिरविली नाही. ‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२) साठी त्यांनी जुन्या बंगाली जमीनदारी घराण्यांची वेशभूषा उभी केली. ‘आम्रपाली’ (१९६६) साठी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. तेथे त्यांच्यातील चित्रकर्ती पुन्हा प्रकट होते. अजिंठ्याच्या अज्ञात चित्रकारांनी भिंतीवर रेघेने दाखविलेले झिरझिरीत वस्त्र त्यांनी पुन्हा कागदावर वाचले आणि तेथून कापडात आणले. शतकांपूर्वीचे चित्र हेही त्यांच्या लेखी एक वस्त्रविषयक दस्तऐवजच होते.

२०/
‘गांधी’ (१९८२) हे त्यांच्यापुढील सर्वांत वेगळे आव्हान होते. फॅशन-रेखाटनाचे कौशल्य नजर वेधून घेण्यात असते. येथे वस्त्र डोळ्यांत भरता कामा नये, ते केवळ खरे वाटले पाहिजे, ही अट होती. बॅरिस्टरच्या कोट-पाटलोणीपासून पंचापर्यंतचा गांधीजींचा प्रवास, आणि भोवती देशभरच्या माणसांचे पागोटे, टोपी, धोतर, लुगडे. या कामासाठी ११ एप्रिल १९८३ रोजी जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले. हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पुढे ‘लेकिन’ आणि ‘लगान’ या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही लाभले.

२१/
२०१० मध्ये त्यांनी वेशभूषेच्या कलेवर स्वतःच्या कामाचा आढावा घेणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. २०१२ मध्ये त्यांनी आपले ऑस्कर अकादमीकडे सुरक्षित ठेवण्यासाठी परत दिले. मौल्यवान वस्तू जतन होण्याविषयी त्यांच्या मनात असलेली चिंता त्या निर्णयात दिसते. १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत, वयाच्या ९१व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांच्या संग्रहातील सुरुवातीच्या काळातील कलाकृती लिलावात आल्या, तेव्हा अनेक कलारसिकांना प्रथमच जाणवले की ही वेशकार मुळात एक समर्थ चित्रकर्ती होती.

२२/
पॅरिसमध्ये डिऑरची रेखाटने आज संग्रहालयांत काचेआड जपली जातात. मुंबईच्या त्या साप्ताहिकांचे अंक मात्र बहुतांशी रद्दीत गेले. स्त्रियांची नियतकालिके, दिनदर्शिका, पोलक्यांचे कागदी बेत, शिंप्याच्या वह्या या गोष्टी इतिहासाची साधने म्हणून साठविण्याजोग्या आहेत, असे फार काळ कोणाला वाटलेच नाही. परिणामी १९५० च्या दशकात मराठी स्त्रीचा पोशाख का आणि कसा बदलला, हे सांगणारा मोठा पुरावा हातचा गेला.

२३/
तरीही सारे संपलेले नाही. नाशिक, येवला, कोल्हापूर येथील जुन्या वाड्यांतल्या ट्रंकांत, सायखेड्यासारख्या गावांतील माळ्यांवर अजून जुने दिवाळी अंक, दिनदर्शिका आणि खणाच्या चोळ्यांशेजारी घडी करून ठेवलेली पहिली शिवलेली पोलकी असतील. अशा पोलक्याची शिवण आणि एखाद्या अंकातील रेखाटन शेजारी ठेवून तारीख, गळा आणि बाही ताडून पाहणे, हे इतिहासाच्या कोणत्याही तरुण अभ्यासकाला करता येण्याजोगे काम आहे. अंक हाती आला तर आधी चित्राचा खालचा कोपरा पाहावा. तेथे सही असेल, तर ती टिपून ठेवावी.

(धागा समाप्त)